हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे : कागद घासण्यासाठी कोणते साधन निवडावे?

गोदातीर (नाशिक)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचे काम आता सुरू होईल, म्हणून हा धागा काढत आहे. कागदाच्या कडा झिजवणे, वरचा रंग ठिकठिकाणी उडवून कार्डाला मुद्दाम जुनेपणा आणणे हे काम आपल्यापैकी अनेक जण करतात. त्यासाठी कोणता पॉलिश पेपर, म्हणजे घासकागद, घ्यावा, असा प्रश्न आला की कणांचा बारीकपणा सांगणारा एखादा नंबर सांगून विषय संपवला जातो. माझे ठाम मत असे आहे की नंबर ही सर्वांत शेवटी ठरवण्याची गोष्ट आहे. आधी कागद आतून कसा आहे ते पाहावे, मग कार्डाचा नेमका कोणता भाग घासायचा ते ठरवावे, त्यानंतर घासकागदाच्या पाठीशी काय धरायचे, म्हणजे लाकडी ठोकळा, स्पंज की नुसते बोट, याचा निर्णय घ्यावा. एवढे ठरले की नंबर बहुधा आपोआप सुचतो.

कागद आतून पाहण्याचा उपाय सोपा आहे. कोपऱ्याचा लहानसा तुकडा तिरका फाडावा आणि फाटलेली कड उजेडात धरावी. आत पांढरी रेघ दिसली तर रंग किंवा छपाई फक्त वरच्या थरात आहे. असा कागद घासला की पांढरे उघडे पडते आणि परिणाम ठळक दिसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक नक्षीच्या छापील शीट आणि पुष्कळशा मेटॅलिक शीट या प्रकारात मोडतात. फाटलेली कडही त्याच रंगाची असेल तर लगदाच रंगवलेला आहे. तो कितीही घासला तरी खालून तोच रंग येणार. फार तर पृष्ठभाग मंद आणि लवदार होईल. तिसरा प्रकार मुद्दाम घासण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात वर एक रंग आणि गाभ्यात त्याचीच फिकट किंवा अगदी वेगळी छटा असते. परदेशी कंपन्यांचा असा कागद ऑनलाइन मिळतो, मात्र तो रोजच्या कामासाठी महाग पडतो.

आता घासायच्या जागेविषयी. कड, सपाट पृष्ठभाग आणि उठाव ही तीन वेगळी कामे आहेत. एम्बॉसिंग फोल्डरमधून, म्हणजे कागदावर उठावाची नक्षी दाबणाऱ्या साच्यातून, काढलेल्या शीटवर फक्त उठावाचा रंग उडवायचा असेल, तर घासकागद सपाट आणि कठीण ठोकळ्यावर ताणून धरायला हवा, कारण कठीण पाठ खोलगट भागात उतरत नाही. त्याच शीटवर तोच घासकागद बोटाने दाबून फिरवला तर बोट खळग्यात जाते, तेथील रंगही निघतो आणि नक्षी पुसट होते. नंबर तोच, कागद तोच, हातही तोच. केवळ पाठ बदलल्यामुळे निकाल उलटा येतो. म्हणूनच मी नंबराआधी पाठीचा विचार करायला सांगते.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही सविस्तर लिहावेत, ही विनंती.

नवखी_कलाकार

ताई, फार उपयोगी धागा काढलात. मी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यामुळे अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. कार्डाच्या साहित्यात मिळणारे स्पंजचे छोटे ठोकळे आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा पॉलिश पेपर यांत गुणवत्तेचा फरक असतो का? दुकानदाराने मला तपकिरी, काळा आणि पांढरट असे तीन प्रकार दाखवले आणि कोणता देऊ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

रंधा_आणि_पटाशी (सातपूर)

लाकूडकाम हा माझा व्यवसाय आहे, कार्ड घरात मुलगी करते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो.

रंग हा धारदार कणांचा आणि लेपाचा प्रकार सांगतो. तपकिरी कागदावर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, लालसर असेल तर गार्नेट असण्याची शक्यता असते. काळा म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. त्याची पाठ पाणी सोसणारी असते आणि दुकानात तो वॉटर पेपर म्हणून मागितला जातो. त्याचे कण अतिशय तीक्ष्ण असतात, पण कोरडा वापरल्यास तो फिकट कागदावर करड्या रंगाचा डाग सोडतो. पांढऱ्या आणि क्रीम शीटवर तो वापरू नये. पांढरट दिसणाऱ्या कागदावर स्टीअरेटचा, म्हणजे साबणासारख्या पदार्थाचा, पातळ लेप असतो. त्यामुळे भुसा कणांमध्ये अडकून बसत नाही आणि घासकागद लवकर बुजत नाही. रंगवलेली शीट घासायची असेल तर हा पांढरट प्रकार घ्यावा. नुसत्या छापील कागदासाठी तपकिरी पुरतो.

नंबराबाबत एक गोष्ट समजून घेतली तर पुढचे निर्णय सोपे जातात. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. युरोपीय पद्धतीत नंबराच्या आधी पी हे अक्षर छापलेले असते. पी १२० चा कण सरासरी १२५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी २२० चा ६८ मायक्रॉनच्या आसपास, पी ३२० चा ४६, पी ४०० चा ३५ आणि पी ६०० चा साधारण २६ मायक्रॉनचा असतो. झेरॉक्ससाठी वापरतो तो ८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे १२० नंबरच्या पॉलिश पेपरवरचा एक कण त्या अख्ख्या कागदापेक्षा जाड आहे. असा घासकागद पातळ नक्षीच्या शीटवर फिरवला तर रंग उडण्याऐवजी कागदच ओरबाडला जाणार, हे उघड आहे.

पी अक्षर नसलेला माल अमेरिकी पद्धतीचा असू शकतो. २२० पर्यंत दोन्ही पद्धती जवळपास सारख्या चालतात, पुढे मात्र अंतर वाढत जाते. अमेरिकी ३२० हा पी ४०० च्या जवळ जातो आणि अमेरिकी ४०० हा पी ८०० च्या. एकीने सांगितलेला ४०० दुसरीला निरुपयोगी वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्यामुळे घासकागद घेताना पाठीवरचा छाप वाचावा.

स्पंजच्या ठोकळ्यावर कण तेच असतात, फक्त पाठ मऊ असते. गुणवत्तेत तो कमी नाही, पण त्याने कठीण ठोकळ्याचे काम होणार नाही. ठोकळा विकत घेण्याचीही गरज नाही. तळहातात मावेल असा सपाट लाकडी गुटका घेऊन त्याला घासकागद ताणून गुंडाळला की पुरे. घासकागद कात्रीने कापू नये, धार जाते. उलट बाजूने घडी घालून स्टीलच्या पट्टीला धरून फाडावा.

कातरकाम (इंदिरानगर)

गोदातीर ताई, उठावाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, पण कडांच्या बाबतीत मला घासण्याचा आग्रहच पटत नाही. कड झिजलेली दिसण्यासाठी ती तुटक, तंतू सुटलेली दिसली पाहिजे. पॉलिश पेपरने ती एकसारखी गोलसर होते, आणि जुन्या पोथीची किंवा वापरून वापरून विरलेल्या पोस्टकार्डाची कड तशी नसते. मी कात्रीचे उघडे पाते कडेवर काटकोनात धरून खरवडते. पाते कुठे अडते, कुठे निसटते, आणि त्यामुळे येणारी अनियमितता घासून मिळत नाही. कडा खरवडण्यासाठी खाचेत पाते बसवलेले छोटे हत्यारही मिळते. ज्यांना उघड्या पात्याची भीती वाटते त्यांनी ते घ्यावे.

गोदातीर

कातरकाम, तुमचे म्हणणे जाड कार्डशीटपुरते मला मान्य आहे. खरवडल्याने कडेचे थर सुटतात आणि कड जाड, मऊ दिसते. परंतु छापील शीटची कड घासण्यामागे आणखी एक हेतू असतो, तो म्हणजे कडेलगतच्या पृष्ठभागावरचा रंग उडवून पांढरी किनार काढणे. पाते कडेच्या जाडीवर काम करते, ही किनार त्याने येत नाही. त्यासाठी मी नखांची कानस वापरते. तिचा आकार लांबट आणि अरुंद असल्यामुळे नेम चांगला बसतो, आतल्या पुठ्ठ्यामुळे पाठ पुरेशी ताठ राहते आणि दोन बाजूंना दोन दर्जाचे कण मिळतात. कानस शीटशी साधारण ४५ अंशांत धरावी आणि नेहमी पृष्ठभागाकडून बाहेर, कडेच्या दिशेने ओढावी. मागे-पुढे घासल्यास परतीच्या फेरीत कण कडेखाली शिरतो आणि वरचा थर उचलला जातो. दोन बोटांत शीट कडेजवळच पकडावी, म्हणजे ती लवत नाही.

किनार सगळीकडे सारखी काढू नये, हेही महत्त्वाचे आहे. वस्तू हाताळली जाते ती कोपऱ्यांपाशी आणि जिथे अंगठा टेकतो तिथे. झीज तेथेच जास्त दाखवावी आणि उरलेल्या कडेवर कानस केवळ स्पर्शून जावी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहिले तर कडीभोवतीचा आणि खालच्या फळीचा रंग गेलेला असतो, बिजागरीकडची बाजू मात्र बरीचशी शाबूत असते. कार्डावर कोणती जागा झिजवावी हे ठरवताना मला अशा निरीक्षणाचा फार उपयोग होतो.

जुना_छापखाना (नाशिकरोड)

माझे आयुष्य छपाईच्या कामात गेले, त्यामुळे कागदाच्या बाजूने थोडी भर घालतो.

यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडलेले असतात. ही दिशा ओळखण्यासाठी शीट दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून पाहावी. ज्या दिशेने ती सहज वाकते, घडीची रेषा ज्या दिशेला पडते, ती तंतूंची दिशा. तंतूंच्या दिशेने घासल्यास पृष्ठभाग गुळगुळीत राहून रंग हळूहळू कमी होतो. आडवे घासल्यास तंतू उचलले जातात आणि लव निघते. एकाच चौकोनी तुकड्याच्या दोन कडा छान आणि दोन कडा खरबरीत का आल्या, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे कारण यातच असते. आडव्या कडांसाठी एक पायरी बारीक नंबर घ्यावा.

दुसरी बाब आर्ट पेपर आणि आर्ट कार्डाची. त्यांच्या पृष्ठभागावर केओलिन माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो आणि छपाईची शाई त्या लेपावर बसलेली असते. हा लेप घासल्यावर पिठासारखा निघतो, त्यामुळे अशा कार्डावर ४०० च्या खाली जाण्याचे कारणच नाही. वर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन असेल तर घासण्याचा विचार सोडून द्यावा, कारण ते झिजण्याऐवजी धुरकट होते आणि नंतर सालीसारखे सुटते. लग्नपत्रिकांच्या जुन्या नमुन्यांतून कार्डशीट काढणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

आणि हवामान. कागद हवेतील ओलावा घेतो आणि तंतू फुगून मऊ होतात. नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उघड्यावर ठेवलेली शीट घासली तर रंग निघण्याआधी लव निघते. दिवाळीचे काम श्रावणात सुरू करणाऱ्यांनी शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवाव्यात आणि घासण्याच्या वेळीच बाहेर काढाव्यात.

रंगरेषा

काका, तंतूंची दिशा आणि कडांचा संबंध इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच वाचला. धन्यवाद.

मी विकतचा दोन थरांचा कागद न घेता तो घरीच तयार करते. पद्धत अशी : २५० ते ३०० जीएसएमच्या पांढऱ्या, हातकागदाच्या नसलेल्या साध्या कार्डशीटवर आधी खालचा रंग द्यायचा. मी बहुतेकदा हळदी पिवळा देते. तो पूर्ण वाळल्यावर जिथे झीज दाखवायची आहे तेवढ्याच जागी पांढरी मेणबत्ती घासायची, आणि त्यावर दुसरा ॲक्रिलिक रंग, उदाहरणार्थ येवल्याच्या पैठणीत दिसतो तसा गडद वांगी, पातळ थरात चढवायचा. मेणावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, त्यामुळे नंतर स्पंजच्या ठोकळ्याने हलकेच पुसले तरी तेवढ्याच जागचा वरचा रंग पापुद्र्यांनी निघतो आणि खालचा पिवळा दिसतो. येथे जोर लावावा लागत नाही आणि ३२० किंवा ४०० नंबर पुरतो. कठीण ठोकळा वापरला तर मेण नसलेल्या जागीही ओरखडे उमटतात, म्हणून मऊ पाठ बरी. रंग मात्र रात्रभर वाळू द्यावा. अर्धवट वाळलेला ॲक्रिलिक रबरासारखा वळतो आणि त्याच्या गोळ्या घासकागदाला चिकटतात.

नवखी_कलाकार

रंगरेषा ताई, तुम्ही हातकागद का वगळलात? मला तर जुनेपणा आणण्यासाठी तोच सर्वांत योग्य वाटत होता. शिवाय भांडी घासण्याची तारेची घासणी चालेल का, हेही कोणी सांगावे.

गोदातीर

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. हातकागद बहुधा सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि त्याचे तंतू लाकडाच्या लगद्यापेक्षा लांब असतात. घासल्यावर ते तुटून पडण्याऐवजी उभे राहतात, त्यामुळे कार्डावर लव चढते आणि त्यावर लिहिलेले अक्षर फुटते. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हातकागदाची जुनी परंपरा आहे. तशा कागदाची शीट समोर असेल तर मला तिची मूळची कड घासवत नाही. साच्यातून येणारी ती विरळ, लाटेसारखी कड हेच त्या कागदाचे सौंदर्य आहे, आणि जी कड आपण घासून आणू पाहतो तिच्यापेक्षा ती किती तरी जिवंत असते. शीट कापावीच लागली तर कापायच्या रेषेवर ओला ब्रश फिरवून ती पट्टीला धरून फाडावी, तंतू सुटून मूळ कडेच्या जवळ जाणारी कड मिळते.

तारेची घासणी आणि स्टील वूल कागदावर टाळावे. त्याचे लोखंडी कण तंतूंमध्ये अडकतात आणि ओलावा लागताच गंजून तपकिरी ठिपके उमटतात. आज दिलेल्या कार्डावर पुढच्या पावसाळ्यात डाग दिसू लागतात. त्याऐवजी हिरवी नायलॉनची घासणी नवी, कोरडी असताना वापरता येते. ती पृष्ठभाग मंद करते, रंग फारसा काढत नाही. अगदी छोट्या जागेसाठी, समजा एखाद्या अक्षराचा अर्धा भाग पुसट करायचा आहे, तर शाई खोडण्याचा खरबरीत रबर फार उपयोगी आहे. त्यात बारीक घासकण मिसळलेले असतात, आणि त्याचा कोपरा ब्लेडने कापून टोकदार करता येतो.

कातरकाम

ताई, किनारीबद्दलचे तुमचे उत्तर मान्य. आता एक वेगळा मुद्दा विचारते : घासून झाल्यावर शाईचा स्पंज फिरवावा की आधी शाई लावून मग घासावे? मला दोन्ही पद्धतींचे निकाल वेगवेगळे मिळतात, पण कारण कळत नाही.

जुना_छापखाना

कारण कागदाच्या खळीत आहे. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते, तिच्यामुळे शाई लगेच आत झिरपत नाही. घासल्यावर वरची खळ निघून जाते आणि उघडे पडलेले तंतू शाई अधिक शोषतात. त्यामुळे आधी घासून मग शाई लावली तर झिजलेला भाग आजूबाजूपेक्षा गडद दिसतो, मळ साचल्यासारखा. आधी शाई लावून, ती वाळल्यावर घासले तर झिजलेला भाग फिकट दिसतो, ऊन लागल्यासारखा. दोन्ही परिणाम एकाच कार्डावर आणता येतात : आधी शाई, मग घासणे, आणि शेवटी फक्त कोपऱ्यांना पुन्हा पुसटशी शाई. शाईचा स्पंज दुसऱ्यांदा टेकवण्यापूर्वी तो रद्दी कागदावर टिपून घ्यावा, नाहीतर उघड्या तंतूंवर काळा गोळा बसतो आणि तो परत काढता येत नाही.

रंधा_आणि_पटाशी

धुळीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कागदाचा भुसा अतिशय हलका असतो, त्यात लेपाची माती आणि घासकागदाचे सुटलेले कण मिसळलेले असतात. मास्क लावावा, पंखा बंद ठेवावा आणि तुकडा ओल्या फडक्यावर ठेवलेल्या ताटात धरून घासावा. कार्डावरची धूळ फुंकू नये. थुंकीचा बारीक थेंब उघड्या तंतूंवर पडला तर डाग राहतो. कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. बुजलेला घासकागद जुन्या टूथब्रशने साफ होतो, पण एका रंगावर वापरलेला तुकडा दुसऱ्या रंगावर नेऊ नये. पाठीवर पेन्सिलीने रंगाचे नाव लिहून ठेवले की घोटाळा होत नाही.

रंगरेषा

येथे चिकटवण्याच्या क्रमाचाही उल्लेख व्हायला हवा. वरचा तुकडा कार्डावर चिकटवण्यापूर्वीच घासावा. चिकटवल्यानंतर कड घासायला गेले की कानशीचे टोक खालच्या थराला लागते. फुलांसारखी गुंतागुंतीची डाय-कट, म्हणजे साच्याने कापलेली, नक्षी असेल तर ती शीटमधून पूर्ण सोडवण्याआधी घासावी, भोवतालची चौकट तिला आधार देते आणि नाजूक देठ मोडत नाहीत.

नवखी_कलाकार

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पी ३२० आणि पी ४०० चा पांढरट घासकागद, एक नखांची कानस आणि लाकडी गुटका एवढे घेऊन सुरुवात करते. शेवटचा प्रश्न : घडीच्या जागी रंग उडालेला दाखवायचा असेल तर आधी घडी घालावी की आधी घासावे? आणि घासल्यावर माझी शीट एका बाजूला वळते, त्यावर काय करावे?

जुना_छापखाना

घडी आधी. बोथट टोकाने किंवा हाडी पट्टीने रेघ दाबून, शक्यतो तंतूंच्या दिशेने, घडी पक्की करून घ्यावी. मग बंद कार्डाच्या घडीवर ४०० नंबर बोटाखाली धरून एकाच दिशेने, दाब न देता, दोन-तीनदा ओढावा. घडीवर तंतू आधीच ताणलेले असतात, त्यामुळे तेथे कठीण ठोकळा वापरल्यास कार्ड घडीवर चिरते. २०० जीएसएमपेक्षा पातळ शीटच्या घडीला घासकागद लावूच नये, तेथे शाईच्या खरबरीत रबराने भागवावे.

शीट वळते याचे कारण एका बाजूचा लेप आणि खळ कमी झाल्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण असमान होतो. घासून, झटकून झाल्यावर ती दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन द्यावे आणि दुसऱ्या दिवशी चिकटवावी. तरीही वळत असेल तर खालच्या कार्डाला पूर्ण पृष्ठभागावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्ट्या जवळजवळ लावून ती बसवावी. पाण्यातला डिंक अशा शीटला वापरू नये, तो घासलेल्या बाजूपर्यंत झिरपून वर डाग म्हणून दिसतो.